ऑफर लेटर, भाडेकरार आणि गाडीचं आर.सी.



प्लेसमेंट सीझन सुरू झाला की आपल्या हॉस्टेलमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "कितीचं लागलं?" कंपनी कुठली, काम कसलं, गाव कुठलं हे सगळं मागाहून. आधी आकडा. आकडा मोठा असेल तर पार्टी, लहान असेल तर "सुरुवात तर झाली ना" म्हणून पाठीवर थाप. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच माणसाला भाड्याचं घर घ्यायचं असतं, नोकरी बदलायची असते, गाव बदलायचं असतं, आणि गाडी तर घ्यायचीच असते! ही सगळी कामं वेगवेगळी वाटतात. पण ती एकमेकांत अडकलेली असतात, आणि ती कशी अडकतात ते सांगायला हा लेख.

मला हे कुठून कळलं? तर माझा एक मावसभाऊ पुण्यात नोकरीला होता. त्याने साधारण दीड वर्षात बाईक विकली, कार घेतली, नोकरी बदलली आणि बंगळुरू गाठलं. या धावपळीत कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर घरात 'इंग्लिश मीडियमवाली' मीच! कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी आमच्याकडून शेक्सपिअरचे उतारे पाठ करून घेतले, पण 'लायसेन्सर शॉल बी इन्डेम्निफाइड' म्हणजे नक्की कोणी कोणाला पैसे द्यायचे हे काही शिकवलं नाही. ते मी डिक्शनरी, आपल्या अकाउंट्स सेक्शनमधले काका आणि मावशीच्या सोसायटीतले एक वकील यांच्याकडून शिकले. जिथे मराठी शब्द ओढूनताणून वाटला तिथे इंग्रजीच ठेवलाय, कारण कागदावरही तोच असतो.

तर आधी तो आकडा. कंपनी सांगते ते सीटीसी, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. तो पगार नव्हे. समजा ४ लाख ८० हजारांचं पॅकेज आहे. महिन्याला ४०,००० झाले. त्यात बेसिक २०,००० धरू. कंपनी पीएफमध्ये स्वतःचा १२ टक्के वाटा भरते, तो २,४०० रुपयांचा वाटा बहुतेक वेळा याच ४०,००० मध्ये मोजलेला असतो. मग ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे ९६२ रुपये. (हे ४.८१ कुठून आलं याचं मला फार कुतूहल होतं. दर वर्षाच्या नोकरीला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरायचा. १५ भागिले २६, त्याला पुन्हा १२ ने भागा. आलं!) मेडिकल इन्शुरन्सचा हप्ता ५०० धरू. आणि 'व्हेरिएबल' १० टक्के, ४,०००, जे वर्षाअखेरीस कंपनीच्या मर्जीवर. उरले ३२,१३८. यातून तुमचा स्वतःचा पीएफ २,४०० आणि महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००) कापला की हातात साडेएकोणतीस हजार. इन्कम टॅक्सची काळजी या पगाराला नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या पद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर पडत नाही.

पार्टीत सांगितलेले ४०,००० आणि बँकेत येणारे साडेएकोणतीस हजार यांत साडेदहा हजारांचा फरक आहे. यात कोणी फसवलेलं नाही. पीएफ तुमचाच आहे. पण भाडं आणि हप्ता ठरवताना लोक मनात ४०,००० धरतात, आणि घोळ तिथे सुरू होतो.

ग्रॅच्युइटीचं आणखी एक. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ती मिळत नाही. म्हणजे दोन वर्षांत कंपनी सोडणाऱ्याच्या सीटीसीतले ते पैसे नुसते कागदावरचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिलाय. शिवाय भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा असं ठरलंय. बेसिक अगदी कमी दाखवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायचं, ही जुनी युक्ती त्यामुळे अवघड झाली आहे. जुन्या सीनियर्सची पगाराची स्लिप बघून हिशोब करत असाल तर हे लक्षात ठेवा.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे कोणी बघत नाही. तुमचं नाव! आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर बहुतेकांचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. पॅनवर कोणाचं वडिलांचं नाव पूर्ण, कोणाचं नुसतं आद्याक्षर. पासपोर्टवर आणखी तिसरंच. आमच्या विंगमधल्या एका मुलीचं नाव मार्कशीटवर एका 'ए'ने आणि आधारवर दोन 'ए'नी आहे. आत्ता आम्ही हसतो. पण पीएफचा यूएएन नंबर, जो जन्मभर एकच राहतो, तो आधारला जोडलेला असतो. कंपनीत कोणीतरी तुमचं नाव मार्कशीट बघून भरतं, आणि दोन वर्षांनी नोकरी बदलताना पीएफ ट्रान्सफर 'नाव जुळत नाही' म्हणून परत येतो. दादाचा तीन वेळा आला. त्याच्या वडिलांच्या नावातला 'राव' एका ठिकाणी होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता. ज्या कंपनीने ते नाव भरलं होतं ती त्याने सोडलेली, तिथल्या एचआर मॅडम बदललेल्या. चार महिने गेले.

तेव्हा शेवटच्या वर्षात असताना, हॉस्टेलवर असतानाच, चारही कागद शेजारी ठेवून बघा. नाव, स्पेलिंग, जन्मतारीख. मार्कशीटवरचं नाव बदलणं सगळ्यात कटकटीचं, म्हणून बाकीचे कागद मार्कशीटसारखे करून घेतलेले बरे. मुलींना एक जास्तीचा प्रश्न असतो, लग्नानंतर नाव बदलायचं की नाही. तो ज्याचा त्याचा, पण 'बघू नंतर' म्हणून अर्ध्या कागदांवर एक आणि अर्ध्यांवर दुसरं असं ठेवलं तर सगळीकडे अफिडेव्हिट करत फिरावं लागतं, हे मी माझ्या मावसबहिणीचं बघितलंय.

नोकरी बदलताना पीएफ काढून घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. तीस-चाळीस हजार एकदम दिसतात ना! पण सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि पेन्शनसाठी जी दहा वर्षं मोजली जातात त्यातली झालेली वर्षंही जातात. ट्रान्सफर केला तर जुनी वर्षं धरून सगळं पुढे चालू राहतं. वर्षाच्या मध्येच कंपनी बदलली असेल तर आधीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लिहून द्या. नाहीतर दोन्ही कंपन्या आपापल्या परीने सूट देऊन मोकळ्या होतात आणि रिटर्न भरताना फरक तुमच्या खिशातून जातो.

आता बाहेर पडण्याचं कलम. ऑफर लेटरमध्ये हे बहुधा शेवटच्या पानांवर असतं आणि तिथपर्यंत आपण सही करून मोकळे झालेलो असतो. त्यात तीन गोष्टी शोधा. नोटीस पिरियड किती, प्रोबेशनमध्ये किती आणि नंतर किती (सॉफ्टवेअरवाल्यांत ६० किंवा ९० दिवस सर्रास असतात). नोटीस पूर्ण न करता पैसे भरून सुटता येतं का, आणि ते पैसे बेसिकवर मोजायचे की पूर्ण पगारावर. दोन्हींत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. आणि तिसरा म्हणजे बाँड.

बाँडबद्दल कॅन्टीनमध्ये दोन पंथ आहेत. एक म्हणतो "सही केली म्हणजे गुलाम", दुसरा म्हणतो "बाँड कोर्टात टिकतच नाही, बिनधास्त सही कर". दोन्ही अर्धवट. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नोकरी सोडल्यावर 'अमुक कंपनीत जायचं नाही' असं कोणी बांधून घेतलं तर ते सहसा टिकत नाही. पण ठरावीक काळ काम करीन, नाहीतर ठरावीक रक्कम भरीन, हे वेगळं. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. म्हणजे रक्कम वाजवी असेल आणि मागे खरंच खर्च झाला असेल तर ती द्यावी लागू शकते. एक मात्र पक्कं करा, मूळ मार्कशीट कोणाकडे 'जमा' ठेवायची नाही. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत आणायची.

राजीनामा ईमेलने द्या, म्हणजे तारीख राहते. शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर आणि एक्स्पीरियन्स लेटर मागून घ्या. हिशोबाचे पैसे राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावेत असं वेतन संहितेत आहे. कंपन्यांना अजून ४५ दिवसांची सवय आहे, तेव्हा न भांडता पण लेखी आठवण करत राहायची.

आता घर. मुलांना 'बॅचलर नको' ऐकावं लागतं, मुलींना 'रात्री किती वाजता येणार' हे सांगावं लागतं. सोसायटीच्या सेक्रेटरींवर एक स्वतंत्र लेख होईल, तो पुढच्या अंकात कोणीतरी लिहा. मी कागदावर येते.

महाराष्ट्रात आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो खरं तर 'लीव्ह अँड लायसन्स' असतो. म्हणजे घर भाड्याने दिलेलं नाही, वापरायला नुसती परवानगी दिली आहे. हा फरक शब्दांचा वाटतो, पण त्यामागे मुंबईची अख्खी गोष्ट आहे. १९४७ च्या बॉम्बे रेंट ॲक्टने भाडी गोठवली आणि भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य झालं, म्हणून मालक 'भाडेकरू' हा शब्दच टाळायला लागले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या परवानगीच्या करारांना नीट चौकट दिली. त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा, रजिस्टर केलेला हवा, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. केला नाही आणि उद्या वाद झाला तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने वेगळं सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा "अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही, नोटरी चालते" हे जे एजंट सांगतात ते आपल्या राज्यात चुकीचं आहे. अकरा महिन्यांची पद्धत नोंदणी कायद्यातल्या एका वर्षाच्या अटीवरून आली, पण महाराष्ट्रात अकरा काय आणि एक काय, नोंदणी हवीच.

खर्चही फार नाही. २०,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट, ११ महिने. भाड्याचे झाले २,२०,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज मिळेल असं मानायचं, ते ५,५००. एकूण २,२५,५०० च्या पाव टक्का म्हणजे साधारण ५६४ रुपये स्टॅम्प ड्यूटी, आणि महापालिका हद्दीत १,००० नोंदणी फी. आधार आणि अंगठा देऊन हे घरबसल्या होतं. एजंट जे चार-पाच हजार सांगतो त्यातला त्याचा वाटा किती, ते तुम्हीच वजाबाकी करून बघा.

दोन वाक्यं जरूर वाचायची. एक लॉक-इन. त्या काळात तुम्ही घर सोडलं तरी भाडं द्यावं लागतं. लॉक-इन दोघांनाही लागू आहे की फक्त तुम्हाला, तेही बघा. दुसरं, करार संपल्यावर राहिलात तर काय. कायद्याने मालक दुप्पट दराने पैसे मागू शकतो.

आणि तिघी-चौघी मिळून घर घेत असाल तर सगळ्यांची नावं करारात हवीत. आमच्या तीन सीनियर्सनी खराडीला फ्लॅट घेतला, नाव एकीचंच घातलं, कारण त्या दिवशी सुट्टी तिलाच होती. सहा महिन्यांनी दुसरी हैदराबादला गेली, तिसरीचं लग्न ठरलं. जिचं नाव होतं तिच्या मानेवर अख्खं भाडं, आणि ज्या गेल्या त्यांच्या डिपॉझिटचा कागदोपत्री पुरावा शून्य. मैत्री टिकली म्हणून पैसे मिळाले. राहायला जाताना प्रत्येक खोलीचे, नळांचे, भिंतीवरच्या ओलीचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. डिपॉझिट परत घेताना 'पेंटिंगचे पंधरा हजार' हा विषय निघतोच.

राहिली गाडी. दादाने बाईक ओळखीच्या ओळखीने विकली. रोख पैसे घेतले, कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, "नाव मी लावून घेतो" असं समोरच्याने सांगितलं. पाच महिने दादाच्या मोबाईलवर ई-चलनं येत होती. कधी सिग्नल तोडला, कधी हेल्मेट नाही. चलनाचं ठीक आहे हो, पाचशे-हजाराचा प्रश्न. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की आर.सी.वर ज्याचं नाव तोच मालक. गाडी प्रत्यक्षात विकली असली, पुढे आणखी दोघांना विकली असली, तरी अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. एखाद्याचा जीव गेला तर हा आकडा लाखांत जातो. वकील काकांनी हे सांगितलं त्या रात्री मावशी झोपली नाही.

नियम असा आहे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. विकणाऱ्याने कळवणं ही त्याची स्वतःची जबाबदारी आहे, घेणाऱ्यावर सोडायची गोष्ट नाही. डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ, घेणाऱ्याच्या आधारची प्रत, सही. पैसे बँकेतून घेतले तर आणखी एक पुरावा. तुम्ही सेकंडहँड घेणार असाल तर आर.सी.वर बँकेचा बोजा आहे का बघा. असला तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नंबरवर किती चलनं थकलीत तेही आधी तपासा. इन्शुरन्स आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्या. नाहीतर थर्ड पार्टीचं निभावतं पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही. तो माणसाचा असतो, पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. जुनी गाडी विकताना त्याचं पत्र घेऊन नव्या गाडीला लावा. दादाने हे तरी केलं.

मग त्याने नवी कार घेतली. शोरूमची किंमत ७ लाख. पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत आपल्या राज्यात ११ टक्के कर, म्हणजे ७७,०००. इन्शुरन्स वगैरे धरून रस्त्यावर आली तेव्हा ८ लाख २० हजार. त्यातले २ लाख २० हजार त्याने साठवलेले भरले आणि ६ लाख कर्ज ९ टक्क्यांनी. पाच वर्षांचा हप्ता १२,४५५ येत होता, तो जड वाटला म्हणून सात वर्षांचा घेतला, ९,६५३. महिन्याला २,८०० वाचले म्हणून खूश. एकूण व्याज १ लाख ४७ हजारांवरून २ लाख ११ हजारांवर गेलं ते कोणी बघितलं नाही.

एक वर्षानंतर काय स्थिती असते ते मी एक्सेलवर मांडलं. कर्ज अजून साधारण ५ लाख ३५ हजार बाकी. पहिल्या वर्षी हप्त्यातला बराचसा भाग व्याजातच जातो. गाडीची किंमत इन्शुरन्सच्या तक्त्याने दुसऱ्या वर्षी २० टक्के उतरते, तीही शोरूम किमतीवर, कर सोडून. म्हणजे ५ लाख ६० हजार. बाजारात थोडं इकडे-तिकडे. आज विकली तर कर्ज फेडून हातात पंचवीस हजार. आणि वर्षात गेले किती? सुरुवातीचे २ लाख २० हजार आणि हप्त्यांचे १ लाख १६ हजार. वर्षभर गाडी वापरायचे ३ लाख ११ हजार पडले, महिन्याला जवळजवळ २६ हजार, पेट्रोल वेगळं! वर जो साडेएकोणतीस हजारांचा पगार काढला तो शेजारी ठेवून बघा. सात-आठ वर्षं वापरली तर हाच आकडा खूप खाली येतो. म्हणून गाडी घेणं वाईट असं मी म्हणत नाही. पुढच्या दोन वर्षांत आपण कुठे असू हे माहीत नसताना घेणं महाग पडतं, एवढंच.

कर्जाबद्दल अजून एक, कारण टू-व्हीलर घेणारे यात हमखास सापडतात. 'फ्लॅट रेट' ९ टक्के असं सांगितलं तर थांबा. ६ लाखांवर ९ टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांचं २ लाख ७० हजार व्याज, हप्ता १४,५००. तुम्ही मुद्दल फेडत जाता तरी व्याज मूळ रकमेवरच चालू. खरा दर निघतो साधारण १५.७ टक्के. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांबरोबर एक माहितीपत्रक द्यायला लावलंय, त्यात खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद मागा, आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती तेही त्यातच बघा.

आता हे सगळं एकत्र कसं अडकतं. दादाला बंगळुरूची ऑफर आली तेव्हा जुन्या कंपनीची नोटीस ९० दिवस, नवी कंपनी ६० दिवस थांबायला तयार. मधल्या ३० दिवसांचे पैसे भरायचे. दोन महिन्यांपूर्वीच घर बदललेलं, त्याचं सहा महिन्यांचं लॉक-इन. निघेपर्यंत त्यातले दोन महिने शिल्लक, भाडं २२,०००. (मालक भले निघाले. दादाने आपल्या जागी दुसरा माणूस आणून दिला आणि त्यांनी सोडलं.) आणि गाडी? दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओचं एनओसी, कर्ज असल्यामुळे बँकेचंही, मग कर्नाटकचा कर आधी भरायचा आणि महाराष्ट्राकडे उरलेल्या वर्षांचा परत मागायचा. २०२१ पासून बीएच मालिका आहे, पण ती सरकारी नोकर आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या खासगी कंपन्यांच्या लोकांसाठी, आणि दादाची नवी कंपनी त्यात बसत नव्हती. शेवटी गाडी मावशीच्या दारात कव्हर घालून उभी आहे. मावशीला चालवता येत नाही. कव्हरवर सोसायटीचं मांजर झोपतं, आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.

म्हणजे नोटीस ९० दिवसांची, लॉक-इन सहा महिन्यांचं आणि कर्ज ८४ महिन्यांचं. तिन्ही कागद एकाच माणसाचे, पण एकमेकांना ओळखत नाहीत. नवा कागद पुढे आला की आधीचे दोन काढून त्यांच्या तारखा शेजारी लिहायच्या, एवढी साधी गोष्ट दादाने केली असती तर निदान कारचा निर्णय सहा महिने पुढे गेला असता. माझं मत विचाराल तर पहिली नोकरी एकदा बदलून होईपर्यंत नवी कार नको. बाईक घ्या, जुनी घ्या, पण नाव लावून घ्या.

आपल्यापैकी ज्यांनी एज्युकेशन लोन घेतलंय (आमच्या विंगमध्ये निम्म्याहून जास्त) त्यांच्यासाठी आणखी एक तारीख आहे. कोर्स आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. दर वर्षी १ लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख उचलले, दर १० टक्के, तर हप्ता सुरू व्हायच्या दिवशी सरळव्याजानेच १ लाख ४० हजार वाढलेले असतात. आणि त्या कर्जावर आई किंवा बाबांचीही सही असते. आपला हप्ता चुकला तर सिबिल त्यांचाही खराब होतो. मग बहिणीच्या शिक्षणासाठी ते बँकेत गेले की तिथला साहेब कॉम्प्युटरकडे बघून मान हलवतो. शिकत असताना जमेल तेवढं व्याज भरलं तर बरं. काही बँका त्यासाठी व्याजात सवलतही देतात, एकदा शाखेत जाऊन विचारा.

पगाराचं आणि हप्त्याचं एक्सेल शीट माझ्याकडे आहे. रजिस्टर केलेल्या भाडेकराराची नावं खोडलेली एक प्रतही आहे, त्यात लॉक-इनच्या ओळीवर पेन्सिलने खूण केली आहे. मुलींनी रूमवर यावं. मुलांसाठी मेसच्या काऊंटरवर मावशींकडे एक झेरॉक्स ठेवली आहे. पानं परत ठेवा, डाळीचे डाग न पाडता.